गिगाहर्ट्झ म्हणजे काम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांच्या घरी लॅपटॉपखरेदीची घाई सुरू होते, आणि त्याच सुमारास आपल्या दैनिकातही ‘कोणता लॅपटॉप घ्यावा’ अशा धर्तीचे तक्ते छापून येतात. यंदाच्या तक्त्यात प्रोसेसरच्या रकान्यात नावापुढे फक्त गिगाहर्ट्झचा आकडा होता आणि सोबतच्या मजकुरात हा आकडा जितका मोठा तितका संगणक वेगवान, असे ठामपणे म्हटले होते. पदविकेच्या विद्यार्थ्यांना मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकवण्यात नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे हे वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. तो आकडा खोटा नसतो, पण तो कामाचा आकडा नसतो. प्रोसेसरच्या घड्याळाचे एका सेकंदात किती ठोके पडतात एवढेच तो सांगतो. एका ठोक्यात किती काम उरकले आणि किती ठोके नुसते वाट पाहण्यात गेले, याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही. आणि सगळी मेख नेमकी त्या वाट पाहण्यातच आहे.

हे समजून घ्यायला इंटेलचा १९७६ सालचा ८०८५ हा प्रोसेसर आजही सोयीचा आहे. जेमतेम साडेसहा हजार ट्रान्झिस्टरची ही चिप आपल्याकडे बारावीच्या संगणकशास्त्रात आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या शिकवली गेली, त्यामुळे आपल्या अनेक वाचकांनी तिच्या किटवर, म्हणजे सरावाच्या फळीवर, हेक्स (सोळाच्या पटीतले) आकडे बडवलेले असतील. किटवर बहुधा ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो; चिप त्याचे आत निम्मे करून घेते, आणि घड्याळाचा एक ठोका, विद्यार्थ्यांच्या भाषेत एक टी-स्टेट, सुमारे ३२५ नॅनोसेकंदांचा होतो. आता पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला करायला लावतात तो प्रयोग घ्या. २०५० आणि २०५१ या पत्त्यांवर ठेवलेल्या दोन संख्यांची बेरीज करायची आणि उत्तर २०५२ वर ठेवायचे. त्यासाठी पाच आज्ञा पुरतात: पहिली संख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या ज्या कप्प्यात बेरीज होते त्यात) आणा, ती बी रजिस्टर या दुसऱ्या कप्प्यात हलवा, दुसरी संख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आणा, तीत बी मिळवा, उत्तर परत मेमरीत ठेवा.

यातली पहिलीच आज्ञा, एलडीए २०५०, मेमरीत ३ए, ५०, २० अशा तीन बाइटांत साठवलेली असते. प्रोसेसर प्रोग्रॅम काउंटरमधला, म्हणजे पुढची आज्ञा कुठे आहे ते सांगणारा, पत्ता बसवर (मेमरीकडे जाणाऱ्या तारांवर) ठेवतो, वाचनाची खूण देतो, आणि मेमरीतून ३ए हा बाइट येऊन इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये बसतो. चौथ्या ठोक्याला डीकोडरला, म्हणजे आज्ञा ओळखणाऱ्या भागाला, उमगते की ही मेमरीतून अ‍ॅक्युम्युलेटर भरण्याची आज्ञा आहे आणि तिचा पत्ता अजून यायचा आहे. मग पुढचे तीन ठोके पत्त्याचा खालचा अर्धा आणण्यात, त्यापुढचे तीन वरचा अर्धा आणण्यात, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष त्या पत्त्यावर जाऊन संख्या आणण्यात जातात. असे तेरा ठोके झाले. रजिस्टरमधून रजिस्टरमध्ये हलवण्याला चार, दुसऱ्या एलडीएला पुन्हा तेरा, बेरजेला चार, उत्तर साठवायला तेरा. एकूण सत्तेचाळीस ठोके, म्हणजे सव्वापंधरा मायक्रोसेकंद. या काळात प्रोसेसरने मेमरीकडे चौदा फेऱ्या मारल्या, त्यातल्या अकरा केवळ आज्ञेचे बाइट आणण्यासाठी आणि तीन संख्यांच्या ने-आणीसाठी. बेरजेच्या नावावर जे चार ठोके लागले तेही ती आज्ञा आणण्यात आणि ओळखण्यातच खर्च झाले. प्रत्यक्ष मिळवणी ही चिप पुढची आज्ञा आणता आणता उरकून टाकते. म्हणजे ज्याला आपण काम म्हणतो त्याला स्वतंत्र वेळ जवळजवळ लागलाच नाही. सगळा वेळ गेला तो मेमरीपर्यंतच्या येरझाऱ्यांत.

तरीही ८०८५ च्या बाबतीत मेगाहर्ट्झचा आकडा प्रामाणिक होता, हे मान्य करायला हवे. त्या काळची मेमरी प्रोसेसरच्या तोडीस तोड चालत असे, त्यामुळे कोणती आज्ञा किती ठोके घेणार हे पुस्तकातल्या कोष्टकात छापलेले असे आणि ते तसेच घडत असे. विलंबाचे आवर्तन, म्हणजे ठरावीक वेळ घालवण्यासाठी त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा पाळायला लावणारा लूप, लिहिताना विद्यार्थी पेन्सिलीने हिशेब करत: सी रजिस्टर एकाने कमी करायला चार ठोके, शून्य नसेल तर मागे उडी मारायला दहा, शेवटच्या वेळी उडी नाही म्हणून सात. २५५ फेऱ्यांचे ३५६७ ठोके, म्हणजे १.१६ मिलिसेकंद. ऑसिलोस्कोप लावून पाहिले तर उत्तर तेच. घड्याळ दुप्पट वेगाचे केले आणि मेमरी त्याला पुरी पडली तर काम निम्म्या वेळात होणार, यात वाद नव्हता. आज छापून येणारे वाक्य त्या काळात खरे ठरले असते.

पुढे प्रोसेसरचा आणि मेमरीचा वेग एकमेकांपासून फार दूर गेला. चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा असतो, तर मुख्य मेमरीतून, ज्याला दुकानात नुसते ‘रॅम’ म्हणतात तिच्यातून, एखादी संख्या यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका फेरीसाठी तीनशे-चारशे ठोके. ८०८५ ला जी फेरी तीन ठोक्यांत पडत असे तिच्यासाठी आजच्या प्रोसेसरला शंभरपट ठोके थांबावे लागते, आणि या काळात घड्याळ मात्र टकटकत असते, वीजही खात असते. वरची बेरीज या प्रोसेसरवर करताना दोन्ही संख्या जवळ नसतील तर त्याचे चार गिगाहर्ट्झ नुसते शोभेचे ठरतात.

म्हणूनच गेल्या साडेचार दशकांत प्रोसेसरच्या रचनाकारांची बहुतेक अक्कल आज्ञा पाळण्यात नव्हे, तर ही वाट पाहणे टाळण्यात किंवा झाकण्यात खर्च झाली आहे. १९७८ च्या ८०८६ मध्ये एक भाग आज्ञा पाळत असताना दुसरा भाग पुढचे सहा बाइट आधीच आणून रांगेत ठेवत असे. १९८९ च्या ४८६ मध्ये चिपवरच आठ किलोबाइटची कॅशे, म्हणजे नेहमी लागणारा माल हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, आली आणि आज्ञा पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमधून जाऊ लागल्या. पहिली आज्ञा उत्तर लिहीत असताना पाचवी आणली जात असते, त्यामुळे प्रत्येक आज्ञेला पाच ठोके लागत असूनही साध्या आज्ञांपैकी बहुधा प्रत्येक ठोक्याला एक पुरी होऊन बाहेर पडते. १९९३ च्या पेंटियमने अशा दोन पाइपलाइन शेजारी शेजारी बसवल्या. १९९५ च्या पेंटियम प्रोने तर आज्ञांचा लिहिलेला क्रमच मोडला. एखादी आज्ञा मेमरीची वाट पाहत अडून बसली, तर तिच्या उत्तरावर अवलंबून नसलेल्या मागच्या आज्ञा तो आधी उरकतो आणि उत्तरे मात्र मूळ क्रमानेच जाहीर करतो, जेणेकरून कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला आतल्या गोंधळाचा पत्ता लागू नये. यातली क्रम मोडण्याची पद्धत आयबीएमच्या रॉबर्ट टोमासुलो यांची. ३६०/९१ या महासंगणकासाठी त्यांनी ती १९६७ मध्ये मांडली, तेव्हा ती कपाटभर यंत्रासाठी होती. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक रचनेत अशा २२४ लहान आज्ञा एकाच वेळी अर्धवट अवस्थेत ठेवता येतात. मेमरीचे तीनशे ठोके झाकायला तेवढ्याही पुरत नाहीत, हा भाग वेगळा.

गिगाहर्ट्झच्या आकड्याची शोभा एकदा अगदी चव्हाट्यावर झालेली आहे, आणि ती खरेदीचे लेख लिहिणाऱ्यांनी विसरू नये. २००० साली इंटेलने पेंटियम ४ आणला तो ठोक्यांचा आकडा वाढवण्याच्या ईर्ष्येने. एका ठोक्यात थोडेच काम करायचे असेल तर ठोका आखूड करता येतो, म्हणून पाइपलाइनचे वीस टप्पे पाडले गेले, आणि २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत एकतीस. टप्पे वाढले की आकडा वाढतो, पण पुढे कोणत्या आज्ञा लागतील हा अंदाज चुकला की तितके टप्पे रिकामे करून पुन्हा भरावे लागतात, आणि चिप तापते ती वेगळीच. प्रतिस्पर्धी एएमडीला याचा इतका वैताग आला की २००१ मध्ये त्यांनी १.५३ गिगाहर्ट्झच्या आपल्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असे नाव देऊन टाकले. मेगाहर्ट्झशी स्पर्धा करायची नाही, कामाशी करायची, असा त्याचा अर्थ. अर्थात तीही जाहिरातच होती. पेंटियम ४ ची गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर अडली. चार गिगाहर्ट्झची घोषित आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाली, आणि २००६ मध्ये त्याच कंपनीने २.४ गिगाहर्ट्झसारख्या ‘खालच्या’ आकड्यांचा कोअर २ ड्युओ काढला, जो आपल्याच ३.६ आणि ३.८ च्या जुन्या भावंडांना सहज मागे टाकत होता. पाइपलाइन चौदा टप्प्यांची, एका ठोक्यात चार आज्ञा उलगडण्याची (ओळखण्याची) सोय आणि दोन गाभ्यांत (कोअरमध्ये) मिळून वापरायची मोठी कॅशे, एवढ्यावर हे साधले. २०२० च्या अ‍ॅपल एम१ चेही तेच: ३.२ गिगाहर्ट्झ, पण एका ठोक्यात आठ आज्ञा उलगडण्याइतकी रुंद रचना, आणि त्यामुळे पाच गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या चिपांच्या पंक्तीला बसण्याची ताकद.

हा इतिहास वीस वर्षांचा जुना असूनही खरेदीच्या कागदांवर त्याचा परिणाम दिसत नाही. एका शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेसाठी निघालेल्या निविदेत ‘किमान ३ गिगाहर्ट्झ’ ही एकच अट ठळक अक्षरांत होती. मेमरीबद्दल फक्त एकूण गिगाबाइट, कॅशेबद्दल अवाक्षर नाही. पुरवठादाराने अटीत बसणारी यंत्रे दिली, रॅमची एकच पट्टी घालून. त्यात त्याची चूक कशी काढणार? मागितले तेच त्याने दिले. दोन पट्ट्या असत्या तर मेमरीकडे जाणारे रस्ते दोन झाले असते आणि तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये, मुलांचे काम लवकर आटोपले असते.

वाट पाहणे टाळण्याचा सर्वांत धाडसी उपाय म्हणजे अंदाज बांधून पुढे जाणे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्याची किंमत आपण सगळ्यांनी मोजली आहे. कार्यक्रमात जागोजागी ‘असे असेल तर इकडे उडी मार, नाहीतर पुढे चल’ अशा आज्ञा असतात. अट खरी की खोटी हे मेमरीतून येणाऱ्या संख्येवर ठरणार असेल तर प्रोसेसरने तीनशे ठोके हातावर हात ठेवून बसायचे का? तो बसत नाही. याआधी या जागी काय झाले होते याची तो नोंद ठेवतो आणि तिच्या आधाराने एक वाट धरून पुढच्या आज्ञा पाळू लागतो. संगणकरचनेचे अभ्यासक जेम्स स्मिथ यांनी १९८१ मध्ये दाखवले की प्रत्येक उडीमागे दोन बिटांचा छोटा मोजणीसाठा (काउंटर) ठेवला तरी बहुतांश अंदाज बरोबर येतात. विलंबाच्या आवर्तनातली ती २५५ वेळांची उडी अशा यंत्रणेला शेवटी एकदाच चकवते. चुकल्यास अर्धवट कामे रद्द करून मागे यावे लागते, आणि आजच्या प्रोसेसरवर त्यात पंधरा-वीस ठोके जातात. नेहमीचे गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसताच चहावाला न विचारता आधण ठेवतो तसेच हे आहे; गिऱ्हाईकाने कॉफी मागितली तर चहा फेकून दिला जातो, पण भांडे ओले राहते, आणि त्या ओल्या भांड्यावरून तिसऱ्याच माणसाला कळू शकते की चहावाल्याने काय ओळखले होते.

प्रोसेसरच्या बाबतीत ते ओले भांडे म्हणजे कॅशे. जानेवारी २०१८ मध्ये गुगलचे प्रोजेक्ट झिरो हे सुरक्षा पथक, ऑस्ट्रियातील ग्राट्झच्या तंत्र विद्यापीठातील संशोधक आणि इतर काही जणांनी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी जे दोष जगापुढे मांडले त्यांचे मर्म एवढेच होते. अंदाजाने केलेले काम रद्द करताना प्रोसेसर रजिस्टरमधली उत्तरे पुसतो, पण त्या कामासाठी कॅशेत आणलेला माल तिथेच राहतो. कोणता पत्ता चटकन उत्तर देतो आणि कोणता तीनशे ठोके घेतो हे मोजून परक्या कार्यक्रमाला गुपित वाचता येऊ लागले. मेल्टडाउनचा तडाखा मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरना बसला. स्पेक्टरच्या कक्षेत इंटेल, एएमडी आणि एआरएम या सर्वांच्या रचना आल्या. ज्या आज्ञा कार्यक्रमाच्या लेखी कधी घडल्याच नव्हत्या त्यांनी मागे खूण सोडली होती. त्यावरच्या डागडुजीमुळे जगभरच्या सर्व्हरचा थोडाबहुत वेग गेला, काही कामांत तर बराच. घड्याळाचा आकडा तोच होता, एका मेगाहर्ट्झचाही फरक नव्हता. तरी संगणक मंदावले. छापील आकड्याविरुद्ध याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

कोणाला घरीच पडताळायचे असेल तर सी भाषेत दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचा पूर्णांकांचा तक्ता घ्यावा आणि त्याची बेरीज एकदा ओळीने आणि एकदा स्तंभाने करावी. मिळवण्याच्या संख्या दोन्ही वेळी दहा कोटीच, उत्तर तेच, यंत्र तेच. पण दुसऱ्या वेळी कित्येक पट जास्त वेळ लागतो. मेमरीतून माल एकेका संख्येने येत नाही, ६४ बाइटांच्या गठ्ठ्याने येतो, आणि त्यात एकाच ओळीतले शेजारशेजारचे, चार बाइटांचे सोळा पूर्णांक मावतात. ओळीने गेलो की सोळाही वापरले जातात. स्तंभाने गेलो की एक वापरून पंधरा टाकून दिले जातात आणि पुढच्या संख्येसाठी नवा गठ्ठा मागवावा लागतो. महाविद्यालयांतून प्रोग्रॅमिंग शिकवताना हा एक तास राखून ठेवला तर बरे होईल. ८०८५ कालबाह्य झाला म्हणून अभ्यासक्रमातून काढून टाका असे म्हणणारे अधूनमधून भेटतात. माझे मत उलटे आहे: तो असू द्यावा, पण सत्तेचाळीस ठोक्यांचा हिशेब झाल्यावर तेच काम आजच्या यंत्रावर करून दाखवावे आणि पेन्सिलीचा हिशेब तिथे का चालत नाही हे मुलांनाच शोधायला लावावे.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सेमिकॉन इंडिया या चिपउद्योगाच्या परिषदेच्या व्यासपीठावर विक्रम ३२०१ हा स्वदेशी ३२ बिटी प्रोसेसर सादर झाला, तेव्हा १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राची थट्टा करणाऱ्या प्रतिक्रिया बऱ्याच उमटल्या. ही चिप लॅपटॉपसाठी नाहीच. इस्रोच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीसह ती प्रक्षेपकाच्या मार्गदर्शनासाठी घडवली आहे. तिची १६ बिटी थोरली बहीण २००९ पासून आपल्या प्रक्षेपकांत काम करत आली आहे. अग्निबाणाच्या सुकाणूला सरासरी वेगाचे कौतुक नसते. ठरलेल्या क्षणाच्या आत उत्तर आलेच पाहिजे, उणे ५५ अंशांतही आणि १२५ अंशांतही. तिथे कधी चार ठोक्यांत आणि कधी चारशेत उत्तर देणारा हुशार प्रोसेसर हा उलट अडचणीचा. पेन्सिलीने हिशेब करता येणे हा तिथे गुण आहे. तेव्हा अशा चिपची बातमी देताना मोबाइलच्या चिपशी गिगाहर्ट्झची आणि नॅनोमीटरची तुलना छापणे टाळावे, ही विनंती.

गिगाहर्ट्झचा आकडा पूर्णच निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. एकाच पिढीच्या, एकाच रचनेच्या दोन चिपांत जिचा आकडा मोठा ती बहुधा थोडी पुढे असते. पण जाहिरातीत छापलेला आकडा बहुतेकदा टर्बोचा, म्हणजे चिप थंड असताना काही काळ गाठता येणारा कमाल असतो. पातळ लॅपटॉपमध्ये पंधरा वॉटच्या मर्यादेत राहायचे असेल तर सलग कामात तो टिकत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या तक्त्यात आपण गिगाहर्ट्झच्या शेजारी प्रोसेसरची पिढी, कॅशेचे मेगाबाइट, रॅमच्या पट्ट्या एक की दोन, रॅम पुढे वाढवता येते की जागेवरच डाग देऊन बसवली आहे, आणि यंत्र अर्धा तास राबवल्यावर टिकणारा वेग, एवढे रकाने द्यावेत. शेवटचा रकाना भरायला यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे लागेल, हे मला माहीत आहे. जागा कमी पडत असेल तर वजन, रंग आणि स्टिकर यांचे रकाने खुशाल गाळावेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, कराड